कडी लागते का? तृतीयपंथींसाठीचं शौचालय-शोधक ॲप नागपूरसाठी कसं सुधारायचं

ट्रान्स लोकांना सोयीचं शौचालय शोधून देणारं ‘रेफ्यूज रेस्टरूम्स’ २०१४ मध्ये अमेरिकेत सुरू झालं. त्याचा कोड खुला आहे, नोंदीही मागवून घेता येतात. तोच सांगाडा उचलून त्यात नागपूरचे ठिपके भरावेत असा मोह होतो, पण तो आवरा. त्या नोंदीत विचारलेलं असतं ते एवढंच: शौचालय सगळ्यांसाठी एकच आहे का, व्हीलचेअर आत जाते का, बाळाचं लंगोट बदलायला फळी आहे का. शिवाय कसं जायचं ते, एक शेरा आणि पसंती-नापसंतीची मतं. तिथल्या कॅफेत एका माणसापुरती खोली असते आणि आत कोण गेलं ते कोणी बघत बसत नाही, म्हणून एवढ्यावर भागतं. नागपुरात बर्डीवरच्या (सीताबर्डीतल्या) सशुल्क शौचालयात दारातच टेबल टाकून माणूस बसलेला असतो. पाच-दहा रुपये घेताना तो चेहऱ्याकडे बघतो, आणि ‘तिकडे जा’ म्हणायचं की नाही ते तोच ठरवतो. या टेबलाची नोंद ज्या ॲपमध्ये नाही, ते इथे निम्मं निकामी.

‘सुरक्षित’ हा रकाना काढून टाका

सुधारणेची सुरुवात इथूनच करा. ‘हे ठिकाण सुरक्षित आहे का? हो / नाही’ या प्रश्नाला खरं उत्तर नसतं. सकाळी अकराला साडी नेसून जाणाऱ्या ट्रान्सवुमनचं उत्तर वेगळं, रात्री दहाला पुरुषांच्या बाजूला जाणाऱ्या ट्रान्समनचं (जन्मावेळी मुलगी समजल्या गेलेल्या पुरुषाचं) वेगळं. नकाशावरचा हिरवा ठिपका म्हणजे ॲपने दिलेला शब्द, आणि तो पाळणं ॲपच्या हातात नाही. डोळ्यांनी दिसतं, हाताने तपासता येतं तेवढंच विचारा. निर्णय वापरणाऱ्यावर सोडा.

पहिला रकाना रचनेचा: एकच खोली, की पुरुष-महिला अशा दोन बाजू. दोन बाजू असतील तर प्रत्येक बाजूची स्वतंत्र नोंद हवी, एकत्र नको. पुरुषांच्या बाजूला मुताऱ्यांची रांग आणि दाराच्या दोन-तीन खोल्या असतात. त्यांतल्या एकीत झाडू-बादल्या आणि एकीला कुलूप, असा प्रकार सर्रास दिसतो. ट्रान्समनला बसून, दार लावून लघवी करायची असते, त्यामुळे बांधलेल्या खोल्यांची संख्या त्याच्या काहीच कामाची नाही. ‘उघडणाऱ्या आणि आतून लागणाऱ्या खोल्या किती’ असाच प्रश्न ठेवा. पाळीचं पॅड टाकायला आत डबा आहे का, हा प्रश्न पुरुषांच्या बाजूलाही विचारा. बहुतेक ठिकाणी उत्तर ‘नाही’ येईल. येऊ द्या, पिशवी सोबत न्यायची हे तरी आधी कळेल.

मग कडी. ‘दाराला कडी आहे’ आणि ‘कडी लागते’ या दोन वेगळ्या गोष्टी. सार्वजनिक शौचालयात पीव्हीसीचे दरवाजे असतात. बिजागरीचे स्क्रू ढिले झाले की दरवाजा खाली लोंबतो आणि बोल्ट चौकटीतल्या भोकाच्या खाली येऊन थांबतो. बघताना कडी शाबूत दिसते, पण बोल्ट भोकात शिरतच नाही. तपासणाऱ्याने आत जाऊन बोल्ट सरकवायचा आणि सोबत्याने बाहेरून तळहाताने दार ढकलायचं. उघडलं नाही तरच ‘लागते’ असं भरायचं. दाराखालची फट वितीपेक्षा जास्त असेल तर तेही लिहायचं.

बाकीचे रकाने भराभर: टेबलावर माणूस बसतो का आणि कधी, पैसे किती, भारतीय बैठक की कमोड, नळाला पाणी की बादली, आत दिवा, दार रस्त्यावरून दिसतं की गल्लीत आहे, उघडण्या-बंद होण्याची वेळ. कमोडचा रकाना चैनीचा समजू नका. शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्यांत उकिडवं बसणं अनेकांना जमत नाही.

‘किल्ली कोणाकडे’ हा रकाना मात्र विसरू नका. दिव्यांगांसाठीची खोली ही आपल्याकडे स्त्री-पुरुष पाटी नसलेली, एका माणसापुरती, रुंद दाराची जागा. ट्रान्स माणसासाठी बरेचदा तीच सगळ्यात सोयीची. पण ती कुलूपबंद असते आणि किल्ली गार्डकडे, काउंटरवर किंवा पेट्रोल पंपाच्या केबिनमध्ये. ‘किल्ली गार्डकडे, मागावी लागते’ एवढी ओळ पुष्कळ हेलपाटे वाचवते. त्याच पानावर ‘व्हीलचेअरवरचं कोणी थांबलं असेल तर आधी त्यांना जाऊ द्या’ अशी सूचना टाका. ती खोली मुळात त्यांची आहे.

वापरणाऱ्याला मात्र ‘तुम्ही ट्रान्सवुमन की ट्रान्समन’ असं विचारू नका. त्याऐवजी ‘काय हवं’ ते निवडू द्या: दाराची खोली, टेबलावर माणूस नको, कमोड, रात्री उघडं. गाळणी तेवढ्यावर चालते आणि ओळख कुठे साठत नाही.

ठिकाणं गोळा करताना

सुरुवातीला चाळीस ठिकाणं पुरे. अर्धवट चारशे ठिपक्यांपेक्षा नीट तपासलेले चाळीस कधीही बरे. गणेशपेठचं एसटी स्टँड, मोर भवनचं बस स्थानक, रेल्वे स्टेशनच्या दोन्ही बाजू, मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांची ओपीडी, कोर्ट आणि कलेक्टर कचेरीचा परिसर, बर्डी, इतवारी, महाल, आणि वर्धा, अमरावती, कामठी या तीन रस्त्यांवरचे पेट्रोल पंप. यात रोजचं जाणं-येणं बहुतेक येतं. मेट्रो स्टेशन घेताना शौचालय तिकिटाच्या गेटच्या आत आहे की बाहेर, हे लिहिल्याशिवाय नोंद पूर्ण धरू नका.

प्रत्येक ठिकाणी तीन वेळा जायचं: सकाळी आठच्या सुमारास, दुपारी दोनला, रात्री नऊला. टेबलावरचा माणूस पाळीप्रमाणे बदलतो. सकाळचा काही न बोलता पैसे घेतो, रात्रीचा अडवतो. मे महिन्यात दुपारी टाकी रिकामी झालेली असते आणि पाणी नाही म्हणून दाराला कुलूप लागतं. रात्री दिवा नसतो. एकाच वेळच्या भेटीवर भरलेली नोंद बाकीच्या दोन वेळांबद्दल काहीच सांगत नाही. चाळीस ठिकाणं तीनदा म्हणजे १२० भेटी. एका ठिकाणी सहा-सात मिनिटं आणि मधलं चालणं धरलं तर चार तासांत साधारण बारा भेटी होतात, म्हणजे दहा फेऱ्या. जोडीने जायचं, आणि जोडीतली निदान एक व्यक्ती ट्रान्स असलीच पाहिजे, कारण टेबलावरचा माणूस कसा वागतो ते दुसऱ्या कोणाला कळणारच नाही. या कामाचे पैसे द्या. शौचालयाचे, ऑटोचे आणि वेळेचे, तिन्ही. समाजासाठी फुकट करा असं म्हटलं की हे काम दुसऱ्या महिन्यात बंद पडतं.

मोघम पत्ता चालत नाही. ‘बर्डी, व्हरायटी चौकाजवळ’ यावरून दार सापडत नाही; ‘चौकातून मोर भवनकडे जाताना डाव्या हाताला, पानठेल्याच्या मागून, पाच पायऱ्या चढून’ अशी ओळ दारापर्यंत नेते. अर्थात पानठेला हलतो, म्हणून एक तरी खूण न हलणारी द्या: पायऱ्या, खांब, पक्की भिंत.

जीपीएसचे आकडे दशांशानंतर पाच ठेवा, म्हणजे चूक साधारण मीटरभराची. चारच ठेवले तर अकरा मीटरपर्यंत जाते, आणि इतवारीच्या गल्लीत अकरा मीटर म्हणजे भलतंच दार. तिथे उंच इमारतींमुळे फोनचं स्थान उडत राहतं. फोन दाखवतो ती अचूकता दहा मीटरच्या आत येईपर्यंत थांबा, नाहीच आली तर ठिपका हाताने दारावर सरकवा. हमखास होणारी गडबड म्हणजे अक्षांश-रेखांशांची अदलाबदल. नकाशाची माहिती साठवायला वापरतात ते जिओजेसन आणि पोस्टजीआयएस दोघंही रेखांश आधी मागतात, आपण बोलताना अक्षांश आधी सांगतो. नागपूरचे २१ आणि ७९ उलटे पडले की ठिपका आर्क्टिक महासागरातल्या स्वालबार बेटांवर जाऊन बसतो. नोंद घेतानाच अडसर टाका: अक्षांश २०.९ ते २१.४ आणि रेखांश ७८.८ ते ७९.४ यांच्या बाहेरचं काही स्वीकारायचं नाही.

तयार नकाशांतून माहिती उचलायची असेल तर गूगल मॅप्सवरून नको, परवानगी नाही. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावरून घेता येते, नाव आणि परवाना दाखवून. पण तिथला ‘युनिसेक्स’ हा टॅग डोळे मिटून घेऊ नका. काही जण तो ‘सगळ्यांसाठी एकच’ या अर्थी लावतात, तर काही जण ‘पुरुषांचं आणि महिलांचं, दोन्ही आहे’ या अर्थी. जागेवर जाऊन बघितल्याशिवाय तो आपल्या नोंदीत उतरवू नका.

आणि अंतर दाखवताना सरळ रेषेवर विसंबू नका. स्टेशनच्या मुख्य दाराशी उभ्या असलेल्या माणसाला संत्रा मार्केटच्या बाजूचं शौचालय हाकेच्या अंतरावर दिसेल, पण मध्ये सगळे रूळ आहेत. रेल्वेच्या दोन बाजूंना दोन वेगळे विभाग मानून आधी आपल्या बाजूची ठिकाणं दाखवायची, मग पलीकडची. पायी रस्त्याचं गणित बसवेपर्यंत एवढा जुगाड पुरतो.

टेबलापाशी दाखवायचं कार्ड

ॲपमध्ये एका बोटावर उघडणारं, नेट नसतानाही चालणारं एक पान ठेवा. मोठा टाइप, मराठी आणि हिंदी, चार ओळींच्या आत:

‘मला महिलांच्या / पुरुषांच्या बाजूला जायचं आहे. मी पैसे देत आहे. तृतीयपंथी व्यक्तीला सार्वजनिक ठिकाणी जाण्यापासून अडवणं हा २०१९ च्या कायद्याच्या कलम १८ नुसार गुन्हा आहे.’

आधार कशाचा, हे खालच्या पानावर असू द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यातल्या) निकालाने स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला आणि स्वतंत्र शौचालयं देण्याचे आदेशही दिले. तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. कलम १८ मध्ये सार्वजनिक जागेचा वापर नाकारण्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद आणि दंड आहे. केंद्राच्या तेव्हाच्या पेयजल व स्वच्छता मंत्रालयाच्या एप्रिल २०१७ च्या सूचनांमध्ये तृतीयपंथी व्यक्तीला आपल्या पसंतीच्या बाजूला जाऊ द्यावं असं म्हटलं आहे. ते मंत्रालय ग्रामीण स्वच्छतेचं होतं, म्हणून शहरातल्या टेबलावर ‘हे आमच्यासाठी नाही’ असं ऐकावं लागू शकतं. त्यामुळे कार्डावर कायदा वर, सूचना खाली.

कार्डाखाली ठळक ओळ टाका: आवाज चढला किंवा माणसं जमू लागली तर कार्ड बाजूला ठेवून निघा, पुढचं ठिकाण अमुक अंतरावर आहे. ही ओळ आणि पुढच्या ठिकाणाचं बटण कार्डापेक्षा जास्त वापरलं जाईल. थेट पोलिसांना फोन लावणारं बटण मात्र आपोआप चालू ठेवू नका. ११२ क्रमांक दाखवा, दाबायचं की नाही ते ज्याचं त्याला ठरवू द्या.

नोंद शिळी कधी होते

प्रत्येक नोंदीवर वर्षभर तीच तारीख लटकलेली असली की विश्वास जातो. साधा नियम: ९० दिवसांत तपासलेली नोंद ठळक, ९० ते १८० दिवसांची फिकी, त्यापुढची यादीच्या तळाशी ‘जुनी माहिती’ म्हणून. वर्ष उलटलं की लपवा, पण पुसू नका. पत्ता आणि खुणा पुढच्या तपासणीला लागतात. एप्रिल ते जूनमध्ये पाण्याचा रकाना तेवढा ३० दिवसांतच फिका करा. दीक्षाभूमीच्या सोहळ्यात आणि हिवाळी अधिवेशनाच्या काळात तात्पुरती शौचालयं उभी राहतात, त्यांना नोंदतानाच संपण्याची तारीख द्या. नाहीतर जानेवारीत कोणी रिकाम्या मैदानावर जाऊन उभं राहील.

मतांची सरासरी दाखवू नका. एकाच मताचं ठिकाण १०० टक्के होतं आणि दहापैकी नऊ मतांचं ९० टक्के, म्हणून पहिलं वर चढतं. क्रम लावायला विल्सनची खालची मर्यादा (मतं कमी असली की गुणही कमी धरणारं संख्याशास्त्रातलं सूत्र) वापरली तर ९५ टक्के पातळीला पहिल्याला साधारण ०.२१ मिळतात आणि दुसऱ्याला ०.६०, म्हणजे क्रम जागेवर येतो. पडद्यावर मात्र आकडा नको. शेवटच्या तीन नोंदी जशाच्या तशा दाखवा: ‘कडी लागली. टेबलावर बाई होत्या, काही बोलल्या नाहीत. रात्र.’ निर्णय घ्यायला हे पुरतं.

फोन दुसऱ्याच्या हातात पडला तर

इथे घाई केलेली महागात पडते. बहुतेक ॲप्स ‘माझ्या जवळचं’ दाबलं की अक्षांश-रेखांश सर्व्हरला पाठवतात. ते आकडे वेब-पत्त्याच्या (यूआरएलच्या) ओळीतच जात असतील तर सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, आयपी पत्त्यासकट उमटतात. कोणता फोन कधी कुठे होता याची यादी आपोआप तयार होते, मग ॲपमध्ये नाव विचारलेलं असो वा नसो.

उपाय सोपा आहे, कारण शहर एकच आहे. सगळ्या नोंदी एकदम फोनवर उतरवा आणि अंतर फोनवरच मोजा. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट घेतं. २५० चिन्हांची नोंद ७५० बाइट आणि अशा ३०० नोंदी म्हणजे सव्वादोनशे केबी, एखाद्या फोटोपेक्षाही कमी. आठवड्यातून एकदा वायफायवर ताजं करा. अंतरासाठी भारी सूत्रही नको: नागपुरात अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटर, रेखांशाचा सुमारे १०४, दोन फरक काढा, वर्ग करा, बेरीज, वर्गमूळ. सर्व्हरला कोण कुठे आहे ते कळतच नाही.

अँड्रॉइड १२ पासून वापरणारा फक्त अंदाजे स्थान देऊ शकतो, म्हणजे साधारण तीन चौरस किलोमीटरचा पट्टा. तेवढ्यावर ॲप रुसून बसता कामा नये. चौकांची यादी द्या, ‘झाशी राणी चौक’ दाबला की तिथून पुढे.

नोंद करणाऱ्याची वेळ मिनिटासकट छापू नका. ‘मंगळवार, रात्री ९:४०’ असं तीन आठवडे एकाच ठिकाणी दिसलं तर कोणाचा तरी कामावरून घरी जायचा रस्ता उघड झाला. ‘या आठवड्यात, रात्री’ एवढं पुरे. फोटोंमधला स्थानाचा मजकूर चढवतानाच पुसा, माणूस दिसणारा फोटो घेऊच नका. आयकॉन साधा ठेवा, नोटिफिकेशन मुळातच बंद ठेवा, आणि अलीकडच्या ॲप्सच्या यादीत पडदा कोरा दिसेल अशी सोय करा. घरात एकच फोन चौघांत फिरतो, हे धरूनच चला.

खोट्या नोंदी

ज्या ठिकाणी ट्रान्स लोक हमखास येणार असा नकाशा वाईट हेतूच्या माणसालाही उपयोगाचा असतो. नवीन ठिकाण ओळखीच्या दोन तपासणाऱ्यांनी बघेपर्यंत कोणालाच दिसू नये. ठिपका ५० मीटरपेक्षा जास्त सरकवला तर ती नवीन नोंद समजायची. शेऱ्यातले फोन नंबर आपोआप गाळायचे. छळाची एक जरी तक्रार आली तरी ठिकाणावर लगेच ‘तक्रार आली आहे, तपासणी चालू’ अशी पट्टी, आणि तीन दिवसांत कोणीतरी जाऊन यायचं. चांगला शेरा मात्र सावकाश मोजायचा. डेरे (तृतीयपंथींची एकत्र राहण्याची घरं), वस्तीतली घरं, संस्थांची बसण्याची ठिकाणं नकाशावर घालायचीच नाहीत, कोणी प्रेमाने सुचवली तरी. खासगी दवाखाना किंवा हॉटेल असेल तर मालकाला विचारून घाला. न विचारता घातलं की गर्दी बघून तो कुलूप लावतो आणि होतं तेही जातं.

शोधपट्टी

माणसं ‘सीताबर्डी’ कमी आणि ‘बर्डी’ जास्त लिहितात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय कोणी शोधत नाही, ‘मेडिकल’ शोधतात. प्रत्येक ठिकाणाला बोलीतली दोन-तीन नावं जोडा, रोमन लिपीतली स्पेलिंगंही. देवनागरीत एक छुपा खड्डा आहे: ‘ॲ’ हे एक चिन्ह, आणि ‘अ’ वर चंद्र देऊन केलेलं दुसरं. दिसायला सारखी, पण अक्षरं एकाच रूपात आणण्याची युनिकोडची नेहमीची पद्धत (सामान्यीकरण) त्यांना एक करत नाही. ‘ॲग्रिकल्चर कॉलेज’ काही फोनवरून सापडतच नाही ते यामुळे. साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळा दुसरं रूप पहिल्यात बदला. अदृश्य जोडचिन्हंही त्याच वेळी काढा.

ज्यांना ॲप नकोच, त्यांच्यासाठी यादी व्हॉट्सॲपवर पाठवता येईल अशी ठेवा, आणि तपासणी बोलून पाठवू द्या. वीस सेकंदांच्या आवाजात ‘मेयो ओपीडी, कडी तुटली’ एवढं आलं तरी कोणीतरी ते फॉर्ममध्ये भरू शकतं.

तुटलेल्या कड्यांची यादी हातात असतेच, तिचा आणखी एक वापर करा. महापालिकेचे दहा झोन आहेत. प्रत्येक ठिकाणाला झोनचं नाव जोडलं की महिन्यातून एकदा झोननिहाय तक्रारपत्र आपोआप काढता येतं: पत्ता, कोणत्या बाजूची कितवी खोली, कडीचा फोटो, तपासल्याची तारीख. ‘शौचालयाची दुरवस्था’ अशा मोघम पत्रापेक्षा ‘महिलांची बाजू, दुसरी खोली, वरची बिजागरी निखळली, बोल्ट बसत नाही’ या पत्रावर माणूस पाठवणं सोपं जातं. दुरुस्ती झाल्याचं उत्तर आलं तरी नोंद बदलायची नाही. कोणीतरी जाऊन आतून बोल्ट सरकवायचा, सोबत्याने बाहेरून ढकलायचं, आणि मगच ‘लागते’ भरायचं.